चिमाजी अप्पा : वसईचा किल्ला सिनेमात दिसतो, वसईची लढाई दिसत नाही



सातवीच्या इतिहासात मराठी सत्तेचा विस्तार शिकवताना वसईची मोहीम दोन-चार ओळींत संपते. साल १७३९, सेनापती चिमाजी अप्पा, पोर्तुगिजांचा पराभव. मुलं तेवढं पाठ करतात, पेपरात जोड्या लावतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. आपणही वळतो, कारण अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो.

मागे एकदा नवी मुंबईतल्या आमच्या शाळेची सहल मी वसईच्या किल्ल्यावर घेऊन गेले होते. बसमधून उतरल्यावर मुलांचा पहिला प्रश्न होता, इथे कोणत्या पिक्चरचं शूटिंग झालंय? एका मुलीला उत्तर माहीत होतं. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या २०१६ च्या गाण्याचा काही भाग या किल्ल्यात चित्रित झालाय, हे तिने सगळ्यांना सांगून टाकलं. गोव्यातली गोष्ट सांगणारा 'जोश' हा हिंदी चित्रपटही इथे चित्रित झाला आहे. म्हणजे बघा, मराठ्यांनी जो किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला, तोच पडद्यावर पोर्तुगीज गोवा म्हणून उभा राहतो!

खरं सांगायचं तर आधी मला रागच आला. मग वाटलं, प्रश्न चुकीचा नाही. तो तिथेच सोडून दिला तर चूक आपली. म्हणून मी त्यांना उलट विचारलं, की या किल्ल्यात गाणी झाली, पाठलाग झाले, पण जी लढाई इथे खरोखर झाली ती तुम्ही कुठे पाहिली का? कोणीच पाहिली नव्हती. मीही नाही.

परतीच्या वाटेवर आणखी एक प्रश्न आला. आमच्या वर्गातल्या एका मुलाचं आजोळ वसईजवळच्या गावात आहे. घरची मंडळी ख्रिस्ती. त्याने शेजारी येऊन हळूच विचारलं, की या लढाईत माझ्या आजोळची माणसं कोणत्या बाजूला होती? त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. आजचा पाठ त्या दोन प्रश्नांसाठी आहे. आधी चिमाजी अप्पांचं आयुष्य बघू, मग लढाई, आणि शेवटी ते उत्तर.

धाकटा भाऊ

चिमाजी अप्पांचं घराणं भट, मूळचं कोकणातल्या श्रीवर्धनचं. वडील बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे झाले. आई राधाबाई. थोरला भाऊ बाजीराव १७०० साली जन्मला, अप्पा त्यानंतर काही वर्षांनी. १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ सासवडला वारले आणि बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. तेव्हा बाजीराव जेमतेम वीस वर्षांचे. अप्पा तर आपल्या शाळेतल्या मोठ्या मुलांएवढेच म्हणा ना.

पुढची वीस वर्षं या दोन भावांनी मिळून कारभार चालवला. बाजीराव बहुतेक वेळ घोड्यावर. साताऱ्यात शाहू महाराजांजवळ राहून दरबार सांभाळणं, पैशाची तजवीज करणं, सरदारांचे रुसवेफुगवे काढणं, पत्रव्यवहार पाहणं, ही कामं बरीचशी अप्पांवर असत. दरबारात पेशव्यांचे विरोधक कमी नव्हते. मागची बाजू भक्कम असल्याशिवाय पुढचा माणूस दौड करू शकत नाही, हे मुलांना क्रिकेटच्या भाषेत सांगितलं की लगेच कळतं.

अप्पांची प्रकृती मात्र लहानपणापासून नाजूक. छातीचा आजार त्यांच्या मागे लागला तो कायमचा. चित्रपटातला योद्धा म्हटला की आपल्या डोळ्यासमोर रुंद छातीचा, आरोळी ठोकणारा माणूस येतो. अप्पांनी मोहिमा केल्या त्या या आजारी शरीराने.

घरातही दुःख होतं. १७३० च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि महिन्याभरातच पत्नी रखमाबाई गेल्या. तो मुलगा म्हणजे सदाशिवराव, पुढे पानिपतावर पडलेले भाऊसाहेब. आई विना राहिलेल्या या बाळाला आजी राधाबाईंच्या मायेत वाढावं लागलं.

अप्पांच्या आधीच्या लढाया

अप्पा फक्त कारभारी होते असं मात्र समजू नका. २९ नोव्हेंबर १७२८ ला माळव्यात अमझेऱ्याला (आज मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात) त्यांनी मोगलांच्या माळव्यातल्या फौजेचा पराभव केला. गिरिधर बहादूर आणि दया बहादूर हे दोन्ही मोगल सरदार या लढाईत मारले गेले. बाजीराव त्या वेळी तिथे नव्हते. मराठ्यांना माळव्याचं दार उघडलं ते या लढाईने. पण सर्वसाधारण माणसाला विचाराल तर तो माळव्याचं श्रेय सहज बाजीरावांना देऊन मोकळा होतो.

एप्रिल १७३६ मध्ये अप्पांनी कोकणात सिद्दी सात याला गाठलं. रेवसजवळच्या या लढाईत सिद्दी सात मारला गेला. रेवस म्हणजे आपल्या उरणच्या करंजा बंदरातून खाडीपलीकडे दिसतं ते. मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवा. इतिहास किती जवळ घडला आहे हे त्यांना तिथे समजतं.

वसईची मोहीम का झाली

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगिजांकडे आली. तिथून दोनशे वर्षं वसई, साष्टी आणि आसपासचा किनारा त्यांच्या ताब्यात राहिला. वसई हे त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं मुख्य ठाणं होतं. तटाच्या आत चर्च, मठ, इस्पितळ, श्रीमंतांचे वाडे असं भरलेलं शहर होतं.

या राज्यात हिंदू रयतेच्या पूजाअर्चेवर, सणांवर निर्बंध होते. जमिनीचा आणि करांचा जाच होताच. त्यामुळे स्थानिक पुढाऱ्यांनीच पेशव्यांकडे धाव घेतली. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे भाऊ यांची नावं यात येतात. वाटा कोणत्या, भरती-ओहोटी कधी, कोणत्या चौकीत किती शिपाई, ही माहिती या मंडळींनी पुरवली. कुठलीही मोहीम अशा माणसांवाचून होत नाही. सिनेमात मात्र त्यांना बहुधा एकच प्रसंग मिळतो, दिवाणखान्यात येऊन रडण्याचा.

पोर्तुगीज तेव्हा ठाण्याला नवा किल्ला बांधत होते. तो पूर्ण झाला असता तर साष्टीत शिरणं अवघड गेलं असतं. म्हणून मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांनी ठाणं घेतलं. त्या किल्ल्यात आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. आपण त्याच्या बाजूने कितीदा जातो, पण मान वर करून तट पाहत नाही.

आपल्या बेलापूरचा किल्लाही याच काळात मराठ्यांकडे आला. किल्ले गावठाणाजवळ त्याचा बुरूज अजून उभा आहे. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाच्या पानांची माळ वाहीन असा नवस अप्पांनी केला आणि त्यावरून बेलापूर हे नाव पडलं, असं लोक सांगतात. असाच नवस त्यांनी वज्रेश्वरीला केल्याचंही सांगतात. अशा गोष्टी वर्गात जरूर सांगा, पण लोकांत सांगितली जाणारी गोष्ट म्हणून सांगा. आख्यायिका वाईट नसते. तिला कागदोपत्री पुरावा समजून बसणं चूक.

दोन वर्षांची लढाई

ठाणं पडलं, साष्टी बेट बरंचसं हाती आलं, अर्नाळाही मिळाला. पण वसई मिळाली नाही. १७३७ मधला पहिला प्रयत्न फसला. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी, आणि जमिनीकडून जायचं तर वाळू, दलदल आणि समोर तोफा. पावसाळा आला की मोर्चे उठवावे लागत. पुढच्या वर्षी पोर्तुगिजांनी ठाणं परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला.

१७३८ च्या अखेरीस अप्पा पुन्हा कोकणात उतरले. या वेळी त्यांनी थेट वसईवर डोकं आपटलं नाही. आधी उत्तरेकडची माहीम, तारापूर ही ठाणी घेतली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हे नावाजलेले सरदार पडले. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या मुलखात शिरले होते. हे इचलकरंजीचे, पेशव्यांचे मेहुणे. गोव्यातून वसईला मदत जाऊ नये म्हणून ही चाल. म्हणजे वसईची लढाई एकट्या वसईत झालीच नाही. ती तारापूरला झाली, ठाण्याला झाली, गोव्यातही झाली.

फेब्रुवारी १७३९ पासून वसईला वेढा पडला. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्यासारखे मोठे सरदार येऊन मिळाले. आणि नेमकं याच वेळी उत्तरेत इराणचा नादिरशहा दिल्लीत शिरला होता. बाजीरावांना उत्तरेत जायचं तर फौज हवी, आणि ती अडकलेली वसईत. वेढा उठवावा तर दोन वर्षांची मेहनत आणि गेलेली माणसं पाण्यात. न उठवावा तर दिल्लीकडे हात रिकामे. पत्रांवर पत्रं जात-येत होती. मला विचाराल तर या मोहिमेतला खरा ताण तलवारीच्या खणखणाटात नाही, तो या पत्रांत आहे.

शेवटी मे १७३९ च्या सुरुवातीला तटाखाली सुरुंग लावले गेले. सुरुंग म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगा. रात्री-अपरात्री, वरून गोळ्या पडत असताना, जमिनीखालून तटापर्यंत बोगदा खणायचा, त्यात दारू भरायची आणि बत्ती द्यायची. काही सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडलं, मराठे आत धावले. तेवढ्यात उशिरा पेट घेतलेला आणखी एक सुरुंग उडाला आणि आपलीच माणसं त्यात गेली. तरीही हल्ला थांबला नाही. बुरुजावर पाय रोवल्यावर आत टिकून राहणं पोर्तुगिजांना शक्य नव्हतं. त्यांनी तहाचं निशाण दाखवलं.

किल्ला पडत नसेल तर मला तोफेला बांधून आत उडवा, निदान माझं मस्तक तरी किल्ल्यात पडेल, अशा अर्थाचं काहीतरी अप्पा सरदारांना म्हणाले, ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे. सिनेमा निघाला तर मध्यंतराआधीचा प्रसंग हाच असणार, यात शंका नाही!

या विजयाची किंमत मोठी होती. मराठ्यांचे मेलेले आणि जखमी झालेले मिळून पाच हजारांच्या घरात जातात, पोर्तुगिजांचे आठशेच्या आसपास, असे आकडे दिले जातात. जिंकलेल्या बाजूची माणसं हरलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त पडली, हे ऐकून माझा वर्ग एकदम गप्प झाला होता.

खरी जागा म्हणजे खरा इतिहास का?

आता मुलांच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. वसईची लढाई वसईतच चित्रित केली तर ती खरी होईल का?

आपल्याला चटकन हो म्हणावंसं वाटतं. पण जरा थांबून विचार करा. आज आपण पाहतो ते अवशेष आहेत. छप्पर उडालेली चर्चं, भिंतीतून उगवलेली वडा-पिंपळाची झाडं, शेवाळलेले दगड. १७३९ मध्ये अप्पांनी जे पाहिलं ते भग्न नव्हतं. ते चुन्याने पांढरं केलेलं, घंटा वाजणारं, माणसांनी भरलेलं शहर होतं. म्हणजे जागा खरी असूनही दृश्य खोटं ठरू शकतं.

त्यात अडचणीही खूप. असा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असतो. तिथे परवानगी लागते, खिळा ठोकता येत नाही, स्फोट करणं तर दूरच. चौकटीत विजेच्या तारा, मोबाईलचे टॉवर, इमारती येतात. म्हणून ऐतिहासिक चित्रपटवाले किल्ला नव्याने उभारतात. आपल्याकडे कर्जतजवळ कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी उभारलेला स्टुडिओ त्यासाठी प्रसिद्ध झाला. 'जोधा अकबर' मधला आग्र्याचा किल्ला तिथे उभा राहिला, 'राजा शिवछत्रपती' ही मालिका तिथे चित्रित झाली. लाकूड, प्लायवूड आणि प्लॅस्टरचा तो किल्ला नीट अभ्यास करून बांधला, तर १७३९ च्या वसईशी आजच्या खऱ्या वसईपेक्षा जास्त जुळू शकतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे.

मग काय तपासायचं? मी मुलांना पाच गोष्टी तपासायला सांगते.

१. जमीन : लढाई जिथे झाली तिथे डोंगर होता, वाळवंट होतं की खाडी? वसईत घोडदळाची भन्नाट दौड दाखवली तर समजा की दिग्दर्शकाने चिखल पाहिलेला नाही.

२. वेळ : वेढा किती दिवस चालला? दोन वर्षांची मोहीम एका रात्रीत उरकली तर तिचा अर्थच बदलतो.

३. शस्त्रं : त्या काळच्या तोफेचा साधा गोळा हा भरीव लोखंडी असायचा. तो भिंत फोडायचा, पण जमिनीवर पडल्यावर सिनेमातल्यासारखा आगीचा लोळ उठवत नसे. फुटणारे गोळे वेगळे, ते उखळी तोफांतून टाकत.

४. माणसं : नायकाशिवाय कोण कोण होतं? वाटाडे, सुरुंग खणणारे, नावाडी, धान्य पुरवणारे दिसतात का?

५. शेवट : जिंकल्यावर काय झालं हे दाखवलंय का, की झेंडा फडकला आणि पडदा पडला?

या पाचातला पाचवा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. आता तोच पाहू.

जिंकल्यावर अप्पांनी काय केलं

पाच हजार माणसं गमावलेली फौज किल्ल्याच्या दारात उभी आहे. आत शत्रू, त्यांची बायकामुलं, श्रीमंत शहर. अशा वेळी जगभरच्या युद्धांत काय होतं हे आपल्याला माहीत आहे. अप्पांनी तहाच्या अटी दिल्या त्या अशा होत्या : पोर्तुगीज शिबंदीने शस्त्रांसह, वाद्यं वाजवत, निशाणं घेऊन बाहेर पडावं. ज्यांना जायचं असेल त्यांनी आपलं कुटुंब आणि हलवता येईल ते सामान घेऊन जावं. ज्यांना राहायचं असेल त्यांनी राहावं, त्यांचा धर्म त्यांना पाळता येईल. काही चर्चं त्यांच्याकडेच राहतील. शहर सोडायला आठ दिवसांची मुदत मिळाली. त्या मुदतीत पोर्तुगीज बाहेर पडले आणि मगच मराठ्यांनी किल्ल्याचा ताबा घेतला.

हाती लागलेल्या एका पोर्तुगीज स्त्रीला अप्पांनी मानाने परत पाठवल्याची गोष्टही सांगितली जाते. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेच्या गोष्टीशी तिचं फार साम्य आहे, म्हणून तीही आख्यायिकेच्या रकान्यात ठेवा. तहाच्या अटी मात्र कागदावर उतरलेल्या आहेत. अप्पांचा मोठेपणा सिद्ध करायला तेवढ्या पुरतात, वर आख्यायिकेचा टेकू लागत नाही.

चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा मात्र मराठ्यांनी नेल्या, हेही सांगायला हवं. आज त्या महाराष्ट्रातल्या देवळांत टांगलेल्या दिसतात. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर आहे. गंमत म्हणजे मेणवली हेही शूटिंगचं आवडतं ठिकाण. 'स्वदेस' मधलं गाव ते हेच.

शेवटची दीड वर्षं

वसईनंतर अप्पांना विजयाचं सुख फार लाभलं नाही. घरात मस्तानीवरून कलह चालू होता. बाजीराव नासिरजंगावरच्या मोहिमेत गुंतलेले असताना मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवण्यात आलं. तो घरातल्या वडीलधाऱ्यांचा आणि नानासाहेबांचा निर्णय होता आणि अप्पांचाही त्यात हात होता. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी' मध्ये अप्पा आपल्याला मुख्यतः या कलहातच भेटतात. तो चित्रपट ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' या कादंबरीवर आधारलेला आहे आणि कादंबरी ही कादंबरीच असते. तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. अप्पांचा हा भाग सिनेमावाल्यांनी हवेतून आणलेला नाही. शत्रूला धर्म पाळू देणारा माणूस घरात आलेल्या एका स्त्रीच्या बाबतीत कठोर झाला. मुलांना अप्पांबद्दल सांगताना हे लपवू नका. निर्दोष पुतळ्यापेक्षा खरा माणूस त्यांच्या जास्त लक्षात राहतो.

२८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव अचानक वारले. अप्पा पुतण्याच्या, म्हणजे नानासाहेबांच्या, पाठीशी उभे राहिले. नानासाहेबांना पेशवाई मिळाली. पण छातीच्या आजाराने आता उचल खाल्ली होती. १७ डिसेंबर १७४० ला, भावामागून आठ महिन्यांच्या आत, अप्पा गेले. वय तेहतिशीच्या आसपास. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. दहा वर्षांचा सदाशिव मागे राहिला. पुण्यात ओंकारेश्वराजवळ अप्पांची समाधी आहे. पुण्याला गेलात तर मुलांना घेऊन जरूर जा.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर

आता दुसरा प्रश्न. आजोळची माणसं कोणत्या बाजूला होती?

पोर्तुगिजांच्या शिबंदीत स्थानिक ख्रिस्ती शिपाई होते. बाहेर शेतात, वाडीत राहणारी हजारो साधी माणसंही होती, ज्यांना राजा कोण यापेक्षा पेरणी कधी याची काळजी जास्त. लढाई संपली तेव्हा पोर्तुगीज जहाजांतून निघून गेले. ही माणसं गेली नाहीत. तहाने त्यांना राहण्याचा आणि आपला धर्म पाळण्याचा हक्क दिला होता. आज वसईत कादोडी म्हणजेच सामवेदी बोली बोलणारे ख्रिस्तीही आहेत आणि सामवेदी ब्राह्मणही. बोली एकच. ती ऐकली की दोन बाजू पाडणं किती अवघड आहे हे कळतं.

म्हणून मी त्या मुलाला नंतर सांगितलं, की तुझ्या आजोळची माणसं वसईच्या बाजूला होती, आणि अप्पांनी किल्ला जिंकल्यावर त्यांना वसईतच राहू दिलं. तो हसला. त्याने घरी जाऊन आजीला विचारून त्यांच्या बोलीतले दहा शब्द लिहून आणले. ते कितीतरी दिवस आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात होते.

उद्या कोणी वसईवर भव्य चित्रपट काढला आणि शेवटच्या सुरुंगाच्या स्फोटावर तो संपवला, तर तोफा, पागोटी, तट सगळं अचूक असूनही तो अर्धा खोटा असेल. कारण त्या मुलाला त्यातून एवढंच कळेल की आपण हरलेल्यांपैकी. तहाचा प्रसंग दाखवला, तर त्यालाही चित्रपटगृहातून ताठ मानेने बाहेर पडता येईल. इतिहासाची अचूकता ही नुसती पंडितांच्या वादाची गोष्ट नाही. आपल्या वर्गातल्या एखाद्या बाकावर तिचा परिणाम होत असतो.

वर्गात आणि घरी करून पाहा

१. ठाणे, बेलापूर, अर्नाळा, तारापूर, वसई आणि रेवस ही ठिकाणं नकाशात दाखवा. आपल्या घरापासून प्रत्येकाचं अंतर काढा.

२. एखादा ऐतिहासिक युद्धपट घरी पालकांबरोबर पाहा आणि वरच्या पाच मुद्द्यांवर प्रत्येकी दोन ओळी लिहा. चित्रपटाला नावं ठेवायची नाहीत, फक्त तपासायचं.

३. वहीत तीन रकाने करा : कागदपत्रांतून कळतं, लोक सांगतात, सिनेमात दाखवतात. अप्पांच्या आयुष्यातले प्रसंग योग्य रकान्यात लिहा.

४. वसईच्या तहाच्या प्रसंगावर पाच मिनिटांची नाटिका बसवा. एक अट : कोणाच्याही हातात तलवार नको. पोर्तुगीज अधिकारी, मराठा सरदार, चर्चमधला धर्मगुरू, वसईचा शेतकरी आणि आजारी अप्पा, एवढी पात्रं पुरेत.

चौथा उपक्रम आम्ही केला. तलवार नाही म्हटल्यावर मुलं आधी हिरमुसली. पण नाटिकेत किल्ल्याचं दार उघडून पोर्तुगीज बाहेर पडतात तेव्हा मराठा सैनिक झालेल्या मुलांनी काय करायचं, यावर त्यांच्यात चांगलाच वाद झाला. कोणी म्हणालं ओरडायचं, कोणी म्हणालं हसायचं. शेवटी त्यांचं त्यांनीच ठरवलं, की बाजूला होऊन वाट द्यायची. मी काही सांगितलं नव्हतं.